तीन इंचांचा नर: व्हाइटटेलच्या पहिल्या सीझनआधी काय शिकावं

दर वर्षी ऑक्टोबर लागला की ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून एखादा फोन येतोच. ऑफिसातल्या कुणीतरी आपल्या लीजवर, म्हणजे शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर, हरणाच्या शिकारीला बोलावलेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "रायफल कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, "शिंगं मोजता येतात का?" पलीकडे जरा शांतता, मग हसू. पण हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नाही. नवख्याचा नेम चुकला तर हरीण पळून जातं, फार तर लाज जाते. शिंगं वाचण्यात चूक झाली, तर नेम बरोबर लागूनही दंड भरावा लागतो.

भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. बरंच झालं. पण त्यामुळे आपण इथे येतो ते कोरी पाटी घेऊन. माझं लहानपण चंद्रपूरकडचं. चितळ-सांबर रोजच्या बोलण्यातले, तरी सांबराची शिंगं दर वर्षी गळतात हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. इथली गोष्ट वेगळी आहे. व्हाइटटेल म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण इतकं आहे की त्याची संख्या आवरावी लागते, आणि लायसन्सचा पैसा वन्यजीव खात्याकडेच जातो. बंदुका आणि काडतुसांवर 1937 पासून एक केंद्रीय कर आहे, तोही राज्यांच्या वन्यजीव कामासाठीच वाटला जातो. शिकार करावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. करायचं ठरलं असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी टेक्सासात राहतो, त्यामुळे उदाहरणं बरीचशी इथलीच आहेत.

आधी कागद

बंदुकीला हात लावण्याआधी व्हिसा बघा. एच-वन-बी, एफ-वन, एल-वन, एच-फोर अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. अपवाद थोडे आहेत. त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे क्रम असा: आधी लायसन्स, मग रायफल. मित्राची बंदूक "जरा धरून बघू" हेसुद्धा त्यानंतरच. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. बंदुकीच्या गुन्ह्यात माणूस थेट हद्दपारीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. इथे काटकसर नको. धनुष्यबाणाला हा कायदा लागू नाही. माझ्या ओळखीतल्या दोघांनी तेवढ्यासाठीच सुरुवात धनुष्याने केली आणि पुढे त्यातच रमले.

टेक्सासात 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. वय 17 किंवा जास्त असेल तर तो घरबसल्या ऑनलाइन होतो. लायसन्सचं वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट. विक्री ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. लायसन्ससोबत टॅग येतात, म्हणजे मारलेल्या हरणाला बांधायच्या चिठ्ठ्या. त्यांना रेशनकार्डावरच्या कोट्यासारखं समजा: किती शिंगवाले, किती बिनशिंगी, सगळं मोजून दिलेलं.

जागेचं म्हणाल, तर या राज्यात जवळजवळ सगळी जमीन खासगी आहे. कुणाची तरी लीज, नाहीतर दिवसाच्या हिशेबाने पैसे घेणारा रँच, नाहीतर खात्याचा सार्वजनिक शिकारीचा वार्षिक परवाना. कुंपण नसलं तरी झाडांच्या बुंध्यांवर जांभळा रंग दिसला की समजा, "आत येऊ नका" असं लिहिलेलं आहे. इथे कायद्याने त्या रंगाला पाटीचाच मान दिला आहे.

शिंग आणि शिंग

मराठीत गाईचंही शिंग आणि सांबराचंही शिंगच. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, कारण वस्तूच वेगळ्या आहेत. गाय, बकरी, काळवीट, नीलगाय यांची शिंगं म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या पदार्थाचं म्यान. ती गळत नाहीत, जन्मभर वाढतात. चितळ, सांबर, व्हाइटटेल यांची शिंगं म्हणजे उघडं, भरीव हाड. दर वर्षी नवं उगवतं, दर वर्षी गळतं.

व्हाइटटेलच्या नराच्या कवटीवर दोन खुंट असतात. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की त्या खुंटांवर शिंग फुटतं. वाढताना त्यावर केसाळ, मऊ, रक्ताने भरलेली कातडी असते. तिला इथे व्हेल्वेट म्हणतात, मखमलच. उन्हाळ्यात हात लावला तर शिंग चक्क कोमट लागतं. ऑगस्टअखेर ते आतून टणक होतं, रक्त थांबतं आणि नर झुडपांवर घासून ती मखमल काढून टाकतो. एक-दोन दिवस शिंगांवरून लाल चिंध्या लोंबत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जनावर कशात तरी अडकून जखमी झालंय. मग माजाचा काळ, आणि तो सरला की जानेवारी ते मार्चच्या दरम्यान शिंगं गळून पडतात. "शिंगं मोडून वासरांत शिरणं" आपण म्हाताऱ्यांच्या चेष्टेत म्हणतो. जानेवारीअखेरचा व्हाइटटेल ते अक्षरशः करतो. पाच वर्षांचा नर बोडक्या डोक्याने माद्यांमध्ये चरत असतो.

एक विषयांतर करतोच, कारण आपल्या माणसांची इथेच गल्लत होते. टेक्सासच्या हिल कंट्रीत, म्हणजे मधल्या डोंगराळ भागात, आपलं चितळ आहे. 1932 साली आणलेलं, आता रानात मोकळं झालेलं. इथे त्याला अ‍ॅक्सिस म्हणतात. दक्षिणेला नीलगाय आहे, कित्येक रँचवर काळवीटही आहे. हे सगळे इथल्या कायद्याच्या दृष्टीने पाहुणे. त्यांना सीझन नाही, शिंगांचे नियम नाहीत. लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी मात्र लागतेच. म्हणून ठिपके दिसले की "अरे, हे तर आपलं चितळ" म्हणून बार काढू नका. व्हाइटटेलच्या पाडसालाही पहिले काही महिने पांढरे ठिपके असतात. चितळाचे ठिपके जन्मभर राहतात आणि त्याच्या पाठीच्या मधोमध एक काळपट पट्टा असतो. तो पट्टा बघा.

शिंगाचे भाग आणि पॉइंट

मोजायला शिकायचं तर एवढी चार नावं पुरतात. खुंटावरून निघून मागे, बाहेर आणि मग पुढे वळणारा तो मुख्य दांडा. त्यावरून वर निघतात ते फाटे. त्यातला अगदी बुडाशी, कपाळाजवळ उभा असतो तो भुवईचा फाटा. आणि दांड्याचं स्वतःचं टोक.

मोजण्यायोग्य टोकाला पॉइंट म्हणतात. टेक्सासची व्याख्या अशी: दांड्याच्या किंवा दुसऱ्या फाट्याच्या कडेपासून निदान एक इंच बाहेर आलेलं टोक म्हणजे पॉइंट; मुख्य दांड्याचं टोक हाही एक पॉइंट. शेवटचं वाक्य नवखे हमखास विसरतात. दांड्यावर तीन फाटे दिसले, तर त्या बाजूला पॉइंट तीन नाहीत, चार आहेत.

जुने लोक म्हणतात, ज्याच्यावर अंगठी अडकेल तो पॉइंट. ऐकायला छान आहे, कोर्टात चालत नाही. त्यापेक्षा खिशातलं क्वार्टरचं नाणं काढा. त्याचा व्यास इंचाहून थोडासाच कमी आहे. आणि एक डॉलरची नोट सहा इंचांहून जराशी लांब असते. ती लांबीत मधोमध दुमडली की तीन इंच मिळतात. एक इंच आणि तीन इंच, या खेळात लागणारी दोन्ही मापं पाकिटातच आहेत. घरी नोट दुमडून भिंतीवर चिकटवा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दुर्बिणीतून बघा. बायको हसेल, हसू द्या.

मोजणीच्या दोन पद्धती आहेत. टेक्साससह पूर्वेकडे दोन्ही बाजूंचे पॉइंट मिळवून सांगतात: पाच आणि पाच असतील तर "टेन पॉइंट". पश्चिमेकडच्या डोंगरी राज्यांत एकाच बाजूचे सांगतात. तिथे तोच नर "फाइव्ह पॉइंट". गप्पांमध्ये ठीक आहे, पण नियम बहुतेक ठिकाणी "एका बाजूला इतके" अशा भाषेत असतो. म्हणून सवय एक बाजू मोजायची लावा.

भिंतीवर लावायच्या शिंगांचं गुणांकन हे वेगळंच शास्त्र. बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब, 1887 साली थिओडोर रूझवेल्टनी सुरू केलेला, इंचाच्या आठव्या भागापर्यंत मापं घेतो, आणि तीही शिंगं 60 दिवस वाळल्यावर. कॅनडातल्या सॅस्कॅचवनमध्ये 1993 साली मिळालेल्या नराचे 213 पूर्णांक 5/8 गुण त्यांच्या वहीत आहेत. पहिल्या वर्षी तुम्हाला याचा काडीचाही उपयोग नाही. सोडून द्या.

बटण, स्पाइक, फोर्क

आता मूळ मुद्दा. पाडसं साधारण मे-जूनमध्ये जन्मतात. पहिल्या नोव्हेंबरात नर पाडूस पाच-सहा महिन्यांचं असतं. त्याच्या कपाळावर कातडीखाली दोन टेंगळं असतात, त्याला बटण बक म्हणतात. शिंग कातडी फोडून बाहेर आलेलं नसतं, म्हणून कायद्याने तो बिनशिंगी. त्याला मादीच्या टॅगवर घेतात.

दुसऱ्या नोव्हेंबरात तो दीड वर्षाचा होतो आणि त्याला आयुष्यातली पहिली खरी शिंगं येतात. ती कशीही असू शकतात. कुणाला सहा पॉइंट, कुणाला आठ, कुणाला टोकाशी एकदाच फुटलेला दुबेळका, त्याला फोर्क म्हणतात. आणि कुणाला नुसते दोन सरळ खिळे, एकही फाटा नाही. हाच स्पाइक. स्पाइक ही जात नाही, रोग नाही. बहुतेक वेळा ती फक्त पहिल्या वर्षाची शिंगं असतात.

एकच नर, तीन राज्यं

इथे जीव ओतून वाचा, कारण दंडाच्या पावत्या याच परिच्छेदांतून फाटतात. "बक" हा शब्द लायसन्सच्या पुस्तकात नर या अर्थाने येत नाही. तो शिंगांबद्दलचा शब्द आहे, आणि प्रत्येक राज्य त्याची रेघ आपल्या मर्जीने ओढतं.

टेक्सासात कातडी फोडून बाहेर आलेलं टणक शिंग असेल तो बक. तसं नसेल ते बिनशिंगी. किती इंच, हा प्रश्नच नाही. क्वचित एखाद्या मादीला शिंगं येतात. ती टणक आणि बाहेर आलेली असली तर कागदोपत्री तीही बकच. उलट, शिंगं गळालेला म्हातारा नर बिनशिंगी. निसर्गाचं म्हणणं काही असो, टॅग कागदाप्रमाणे लावायचा.

मिशिगन, न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन, ओहायो या राज्यांत रेघ तीन इंचांवर आहे. निदान एक शिंग तीन इंच किंवा जास्त असेल तर शिंगवाला. दोन्ही त्याहून आखूड असतील तर तो नर असूनही बिनशिंगी, आणि त्याला बिनशिंग्यांचाच टॅग.

पेनसिल्व्हेनियाने 2002 साली शिंगांची अट आणली. प्रौढ शिकाऱ्याला नर घ्यायचा तर एका बाजूला निदान तीन पॉइंट हवेत. पश्चिमेकडच्या काही विभागांत तर भुवईचा फाटा न धरता तीन. दोन्ही शिंगं तीन इंचांहून आखूड असलेलं हरीण तिथेही बिनशिंगी.

आता समजा, समोर पाच इंचांचे दोन सरळ खिळे घेऊन स्पाइक उभा आहे. टेक्सासात तो बक. मिशिगनमध्येही शिंगवाला. पेनसिल्व्हेनियात प्रौढ माणसासाठी तो शिंगवाला म्हणून चालत नाही, कारण तीन पॉइंट नाहीत. आणि बिनशिंगी म्हणूनही चालत नाही, कारण शिंगं तीन इंचांहून लांब आहेत. अगदी त्रिशंकू. त्याला हात लावायचा नाही. मात्र शेजारी बसलेल्या तुमच्या 14 वर्षांच्या मुलीकडे ज्युनिअर लायसन्स असेल, तर तिला तो घेता येतो. मुलांसाठी तीन इंचांचं एक शिंग पुरतं. बाप-लेक एकाच ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपून बसायच्या आडोशात, हरीण एकच, नियम दोन.

टेक्सासातही सगळीकडे सारखं नाही. ह्यूस्टन आणि ऑस्टिन या शहरांमधला पट्टा घ्या: कोलोरॅडो, फेएट, लव्हाका, ऑस्टिन, ली, वॉशिंग्टन. या सहा काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, 2002 साली शिंगांची अट सुरू झाली आणि पुढे ती कितीतरी काउंट्यांत पसरली. तिथे नर कायदेशीर ठरतो तो दोनपैकी एका कारणाने. एक, त्याचं निदान एक शिंग बिनफाट्याचं आहे. किंवा दोन, दोन्ही दांड्यांमधलं आतलं अंतर निदान 13 इंच आहे. म्हणजे स्पाइक चालतो, मोठा रुंद नर चालतो, मधला कोवळा आठ पॉइंटवाला चालत नाही. एका बाजूला खिळा आणि दुसऱ्या बाजूला पाच पॉइंट असा विचित्र नरही चालतो.

हे उफराटं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण यामागे साधा हिशेब आहे. अटीआधी या भागात मारले जाणारे बहुतेक नर दीड वर्षाचे असत. दिसला की टिपला, असा कारभार. त्यामुळे कळपात वयात आलेले नरच उरत नव्हते. तेरा इंचांची अट कोवळ्या फाटेवाल्यांना वाचवते, आणि स्पाइकची मुभा असल्यामुळे माणूस रिकाम्या हाताने घरी जात नाही. वाद घालायला जागा आहे. मला विचाराल तर अट चांगली आहे, कारण ती माणसाला बार काढण्याआधी दोन मिनिटं बघायला लावते.

नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. ज्या काउंटीत जाणार तिचं पान खात्याच्या वेबसाइटवर उघडा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. रानात सिग्नल नसतो.

रानात बघायचं कसं

दुर्बीण हवीच. रायफलच्या स्कोपमधून हरीण "ओळखणं" म्हणजे ज्याची खात्री नाही त्याच्यावर बंदूक रोखणं; ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. 8 बाय 42 ची साधी दुर्बीण पुरे. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती जास्त उजेड देते, आणि हरणं नेमकी तेव्हाच फिरतात.

पहिला नियम: नुसत्या बाजूने बघून स्पाइक म्हणू नका. कोलोरॅडो काउंटीत माझ्या दुसऱ्या सीझनला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास एक नर फीडरपासून, म्हणजे दाणे टाकणाऱ्या यंत्रापासून, थोडा दूर येऊन उभा राहिला. डावीकडून दिसत होता. सरळ शिंग, ओक झाडाच्या करड्या फांद्यांवर उठून दिसणारं. स्पाइकच. मी रायफलकडे हात नेला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने, ज्याची ती जमीन, माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि काहीच बोलला नाही. नराने मान खाली घातली, एक दाणा उचलला आणि आमच्याकडे तोंड केलं. दोन्ही शिंगांना टोकाशी आतल्या बाजूला फाटा होता, करंगळीच्या पेराएवढा. बाजूने बघताना तो दांड्याच्या रेषेतच लपला होता. आतलं अंतर जेमतेम आठ-नऊ इंच. बेकायदा, दोन्ही अटींवर. म्हातारा दुर्बीण खाली ठेवून एवढंच म्हणाला, "त्याला पूर्ण वळू द्यायचं."

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. समोरून एकदा, दोन्ही बाजूंनी एकदा. डावं शिंग बुडापासून टोकापर्यंत, मग उजवं बुडापासून टोकापर्यंत. भुवईचा फाटा कानाच्या केसांत हरवतो, तो मुद्दाम शोधा. मागे झाडोरा असेल तर फांदी आणि फाटा यांत फरक कळत नाही. जनावर मोकळ्यावर येईपर्यंत थांबा. नाहीच आलं तर सोडून द्या.

अंतर मोजायला कान. सावध उभ्या असलेल्या नराचे कान बाजूला ताठ असतात, तेव्हा एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंत अंतर सुमारे 13 इंच भरतं. दांड्यांची आतली कड कानांच्या टोकांच्या बाहेर दिसली तर तो तेरा इंचांच्या अटीत बसतो. कान मागे पाडलेले असतील तर हे माप फसवतं. आणि "टोकाला टेकतोय वाटतं" म्हणजे नाही.

तीन इंचांसाठीही कानच. व्हाइटटेलचा कान साधारण सहा-सात इंच लांब. शिंग अर्ध्या कानाएवढं वाटलं तर तुम्ही बरोबर रेघेवर आहात, आणि रेघेवरचं जनावर नवख्याने सोडावं.

बटण बक ओळखणं सगळ्यात अवघड. शेताच्या कडेला सगळ्यात आधी, एकटं, बेधडक बाहेर येणारं छोटं "मादी" हरीण दिसलं की संशय घ्या. मोठी मादी आधी झाडीत थांबते, वास घेते, पाय आपटते. हे पोर थेट दाण्यावर येतं. त्याचं नाक आखूड आणि अंग चौकोनी दिसतं. मोठ्या मादीचं नाक लांब, अंग आयताकृती. कानांमधला भाग मादीचा गोलसर, याचा चपटा. शेजारी दुसरं हरीण उभं राहीपर्यंत आकाराचा अंदाज घेऊच नका. एकट्या हरणाचा आकार डोळ्याला कळत नाही. टेक्सासातल्याच लानो गावाजवळ मी हीच चूक केली. टॅग बिनशिंग्याचाच होता, कायद्याने सगळं ठीक. पण जवळ जाऊन कपाळावरचे केस बाजूला केले तेव्हा बोटाखाली दोन टणक गोळ्या लागल्या, वाटाण्यांपेक्षा जरा मोठ्या. त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

"स्पाइक काढून टाका", हे ऐकाल

कँपवर शेकोटीभोवती कुणीतरी ठासून सांगेल: एकदा स्पाइक तो कायमचा स्पाइक, रक्तच हलकं, दिसला की मारा. हे अर्धवट ज्ञान आहे, आणि त्याच्या अर्ध्यात तथ्य आहे म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलंय.

हिल कंट्रीत हंट गावाजवळ राज्य खात्याचं केर वन्यजीव क्षेत्र आहे. तिथे 1970 च्या दशकापासून हरणं बंदिस्त ठेवून प्रयोग झाले. एका गटाला 16 टक्के प्रथिनांचा खुराक, दुसऱ्याला 8 टक्क्यांचा. निष्कर्ष असा की शिंगांवर खुराक आणि वंश दोन्हींचा परिणाम होतो. सारखाच चांगला खुराक मिळालेल्यांत जे पहिल्या वर्षी स्पाइक होते त्यांची पुढची शिंगं सरासरीने कमी भरली. पण "कायमचा स्पाइक" हे खोटं निघालं. पुढच्या वर्षी बहुतेकांना फाटे फुटले.

मोकळ्या रानात तर खुराक सारखा नसतोच. दुष्काळ पडला की स्पाइक वाढतात. आईचं दूध कमी पडलं, उशिरा जन्म झाला, तरी तेच. दक्षिण टेक्सासात माजाचा जोर डिसेंबरात असतो आणि गर्भकाळ सुमारे 200 दिवसांचा, म्हणजे तिथली पाडसं जुलैत जन्मतात. त्यांना पहिली शिंगं वाढवायची वेळ येते तेव्हा ती उत्तरेकडच्या पाडसांहून महिन्या-दीड महिन्याने लहान असतात. जूनमध्ये शाळेत घातलेल्या सगळ्यात लहान पोराला उंचीवरून नापास करण्यासारखं झालं ते. त्याच भागातल्या मोठ्या रँचवर वर्षानुवर्षं निवडून निवडून हलक्या शिंगांचे नर काढून पाहिले. कळपाच्या शिंगांत त्याने सुधारणा झाली नाही.

माझं मत विचाराल तर मांसासाठी स्पाइक घ्यायचा असेल आणि काउंटीचा नियम होकार देत असेल, तर खुशाल घ्या. कोवळं, चांगलं मांस असतं. पण कळप सुधारतोय असा आव आणू नका.

हरीण पडल्यावर

टॅग लगेच. फोटो नंतर, फोन नंतर. महिना आणि तारीख कापायची, बाकीचं पेनाने भरायचं, टॅग हरणाला बांधायचा आणि लायसन्सच्या मागच्या नोंदीतही लिहायचं. डिजिटल लायसन्स असेल तर नोंद अ‍ॅपवर होते. कोणत्या टॅगवर गेलं याचा पुरावा म्हणजे डोकं. मांस अंतिम ठिकाणी पोचेपर्यंत ते फेकू नका. "डोकं कशाला न्यायचं" म्हणून रानातच टाकून आलेले आणि वाटेत वॉर्डनने, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याने, थांबवलेले दोघे मला ठाऊक आहेत.

डोक्याचा आणखी एक उपयोग. हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाचा मेंदूचा रोग पसरतो आहे. 1967 साली तो प्रथम कोलोरॅडो राज्यात दिसला, आता टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियासह अनेक राज्यांत आहे. माणसाला तो झाल्याची खात्रीशीर नोंद नाही, तरी रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. नमुना घशामागच्या ग्रंथींचा घेतात, म्हणून डोकं बर्फात थंड ठेवून तपासणी केंद्रावर न्या. गोठवू मात्र नका. काही भागांत ही तपासणी सक्तीची आहे, आणि काही ठिकाणांहून मेंदू-कणा असलेला सांगाडा बाहेर न्यायला मनाई असते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, त्यावर तारीख लिहून. रस्सा करायची घाई नको.

आणि डोकं देण्याआधी जबडा उघडून बघा. दाढांवरून वय सांगायची पद्धत न्यूयॉर्कच्या सेव्हरिंगहाउस या अभ्यासकाने 1949 साली मांडली, ती आजही रानात चालते. खालच्या जबड्यातली पुढून तिसरी दाढ शोधा. तिला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची, म्हणजे हरीण दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान. दोनच असतील तर ती पडून पक्की आली आहे.

माझा पहिला स्पाइक मी चांगला तीन वर्षांचा धरला होता. मान जाड वाटली होती, चाल ऐटीची होती. जबडा उघडला, टॉर्च धरला. तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे, झिजून पिवळे पडलेले. बोट लावलं तर ती हलली, आणि तिच्या बुडाशी हिरडीतून पांढरीशुभ्र नवी कड वर येत होती.